झटकायला दुसरं टोक कोण धरणार?

पितृपक्ष निम्मा सरला की गावाकडच्या फोनवर दुसरा विषयच नसतो. आज गोधड्या काढल्या, उद्या सतरंज्या, परवा घोंगड्यांना ऊन दाखवायचं आहे. घट बसायच्या आत घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन, कडकडीत वाळवून, घडी घालून जागेवर गेलं पाहिजे, हा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. नदीकाठचा खडक, ओढ्याची वाळू, विहिरीवरचा पंप, जिथे पाणी मोकळं आणि जागा ऐसपैस तिथे सगळं गाव लोटतं. बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टरची ट्रॉली आली, बाकी काम तसंच आहे.

देवी घरात यायची म्हणून घर लख्ख करायचं, हे तर खरंच. पण मला त्यातलं हवामानाचं शहाणपण फार मोलाचं वाटतं. पावसाळ्याचे चार महिने लोकर आणि सूत हवेतली ओल पीत असतं. लोकर तर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास ओल पोटात घेऊनही हाताला कोरडीच लागते. त्या ओलीवर बुरशी धरते, कुबट वास बसतो, कसर लागते. भाद्रपद संपता संपता पाऊस मागे फिरतो, ऊन चटका देऊ लागतं, आणि थोड्याच दिवसांत थंडी पडली की तेच पांघरूण अंगावर घ्यायचं असतं. मधला हा पंधरवडा नेमका धरला आहे आपल्या माणसांनी.

पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्येही हा पंधरवडा येतो. पण इथे काम अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. साबण आहे, नळाला पाणी आहे, व्हॅक्यूम क्लीनर आहे. झटकायला जागा नाही. गालिच्याची निगा म्हटलं की आपण कुठलं लिक्विड, कुठलं मशीन, कुठली लाँड्री असं विचारतो. माझं म्हणणं असं की हा प्रश्न आधी जागेचा आणि दुसऱ्या माणसाचा आहे, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. ते कसं, ते जरा सविस्तर सांगते.

आमच्या घरात जमिनीवर अंथरायच्या तीन वस्तू आहेत आणि तिघींचा स्वभाव निराळा. एक आजीच्या वेळची जाडजूड सुती सतरंजी, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची. दुसरं पंढरपुरात घेतलेलं काळं घोंगडं, दख्खनी मेंढीच्या लोकरीचं, हाताला चरचरीत. तिसरा भदोहीचा गालिचा, एका हस्तकला प्रदर्शनातून आणलेला, सुती ताण्याबाण्यावर लोकरीच्या गाठी मारलेला. भदोही म्हणजे उत्तर प्रदेशातला मिर्झापूरच्या शेजारचा विणकरांचा पट्टा; तिथल्या हातविणीच्या गालिच्यांना २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. सूत, लोकर, आणि दोन्ही मिळून. या तीन गोष्टी ओळखता आल्या की निम्मं काम झालं.

गालिचा कशाने झिजतो असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, पायाने. ते तितकंसं खरं नाही. गालिच्याची लव दोन्ही हातांच्या बोटांनी फाकवून, खिडकीपाशी उजेडात, अगदी तळाशी बघावं. वरच्या टोकांना जो मळ दिसतो तो मऊ असतो: केस, धागे, कापसाचे तंतू, त्वचेचा भुगा. खाली गाठींपाशी मात्र करडी, चमकणारी बारीक कच साठलेली असते. ती बोटाच्या चिमटीत घेऊन चोळली की कचकच लागते. ही रस्त्यावरची, बांधकामाची, चपलांबरोबर आलेली वाळू. तिच्या कणांना धार असते. आपण वरून चालतो तेव्हा प्रत्येक पावलागणिक लव दबते, आणि तळाशी बसलेला तो कण लोकरीचा धागा मुळाशी थोडा थोडा कापत जातो. वरून गालिचा स्वच्छ दिसत असतो. एक दिवस दारासमोरची किंवा सोफ्यापुढची लव पातळ झालेली दिसते, आतला सुती ताणा पांढरा डोकावायला लागतो, आणि आपण म्हणतो, जुना झाला. जुना झालेला नसतो, आतून कापला गेलेला असतो.

म्हणून गालिच्याचं सगळ्यात मोठं काम कोरडं आहे. धूळ तळातून बाहेर काढणं. पाणी ओतलं की हीच धूळ चिखल होऊन गाठींत घट्ट बसते आणि मग तिला हलवणं अवघड. धुण्याआधी झटकणं, झटकण्याआधी ऊन दाखवणं, हा क्रम जुन्या बायकांनी कधी मोडला नाही.

व्हॅक्यूम क्लीनरचा जन्मसुद्धा या गालिच्याच्या धुळीपोटीच झाला, हे मला फार आवडतं. ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंग्रज अभियंत्याने लंडनमध्ये एका यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं. ते यंत्र हवेचा झोत मारून धूळ उडवायचं. उडालेली धूळ फिरून तिथेच बसायची. धूळ उडवण्याऐवजी ओढून का घेत नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि पुढे एका उपाहारगृहात खुर्चीच्या मखमलीवर रुमाल ठेवून, त्याला तोंड लावून त्याने हवा आत ओढून पाहिली. रुमालावर धुळीचा ठसा उमटला. १९०१ मध्ये त्याने आपलं यंत्र केलं. ते इतकं अवजड होतं की घोड्याच्या गाडीवर ठेवून रस्त्यात उभं करायचं आणि खिडकीतून लांबलचक नळ्या घरात न्यायच्या. १९०२ मध्ये राजा सातवा एडवर्ड याच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीमधले गालिचे या यंत्राने साफ केले.

आज ते यंत्र आपल्या कपाटात मावतं आणि मी ते नेमाने वापरते. लवीच्या कलाने, म्हणजे हात फिरवल्यावर ज्या दिशेला लव मऊ बसते त्या दिशेने, सावकाश. दोन्ही टोकांच्या दशांवरून यंत्र मुळीच फिरवायचं नाही. या दशा शोभेला लावलेल्या नसतात, तो गालिच्याचा उभा ताणाच बाहेर आलेला असतो. त्या तुटल्या की विण टोकाकडून उसवत जाते. मधूनमधून गालिचा उलटा घालून पाठीवरून यंत्र फिरवावं, म्हणजे कच गाठींतून सुटून खाली जमिनीवर पडते. नंतर गालिचा उचलून ती नुसती झाडून घ्यायची. पहिल्यांदा हे करून पाहणाऱ्याला त्या कचऱ्याचा ढीग बघून धक्का बसतो. आणि वर्षातून एक-दोनदा गालिचा अर्धा फेरा फिरवून घालावा, म्हणजे दाराकडची बाजू भिंतीकडे जाते आणि झीज वाटली जाते.

तरीही व्हॅक्यूमने जे निघतं ते वरचं आणि मधलं. तळातलं निघायला धोपटावंच लागतं.

धोपटायची रीत अशी. गालिचा मजबूत आडव्या दांडीवर किंवा कठड्यावर पालथा टाकायचा, लव खाली आणि पाठ वर, आणि वेताच्या छडीने पाठीवर मारायचं. लवीच्या बाजूने मारलं तर कच आणखी आत जाते. जोर लावून मारायचं नाही, जुना ताणा तुटतो. लयीत, जागा बदलत मारायचं. काळसर ढग उठायचा थांबला की झालं. सतरंजीला छडीसुद्धा लागत नाही, पण तिला दोन माणसं लागतात. दोघांनी दोन-दोन कोपरे धरायचे, सतरंजी सैल सोडायची आणि एकाच क्षणी खाली झटका द्यायचा. लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते, मधोमध फट्‌ असा आवाज होतो आणि धूळ सुटते. दोघांचा ताल जुळला नाही तर आवाज येत नाही, धूळही निघत नाही. एकट्याने हे होत नाही. एकट्याने केलं तर खांदा दुखतो आणि सतरंजी फरशीवर लोळून आणखी मळते.

सतरंज्या उचलणारे कार्यकर्ते, असं आपल्या राजकारणात जरा हिणवून म्हणतात. मला त्या माणसांचं कौतुक वाटत आलं आहे. कीर्तन संपलं, सभा उठली, पाहुणे जेवायला पांगले की जी दोन पोरं उरतात ती काय करतात ते नीट बघा. लांबच्या लांब सतरंजी, तिच्या काठाला कुणाच्या तरी स्मरणार्थ म्हणून नाव विणलेलं. दोघं टोकं धरतात, बाहेर मोकळ्यावर नेतात, तीनदा झटकतात, एकमेकांकडे चालत येऊन घडी घालतात, पुन्हा मागे जातात, पुन्हा येतात. मंडळाची सतरंजी वीस-वीस वर्षं टिकते ती या पोरांमुळे. गालिचा जितका मोठा तितके हात जास्त. विंडसरच्या राजवाड्यातल्या वॉटर्लू चेंबरमध्ये एक अखंड गालिचा आहे. आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी तो राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त विणला. या गालिच्याचं वजन सुमारे २ टन. १९९२ मध्ये राजवाड्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून हलवायला ५० सैनिक लागले.

आता पाण्याचं. इथे सूत आणि लोकर यांचे रस्ते अगदी वेगळे होतात, आणि नदीवरच्या बायकांना ते हाताला ठाऊक असतं. सुती धागा ओला झाला की जास्त बळकट होतो. म्हणून सतरंजी, चादर, गोधडी खडकावर आपटा, धोपटण्याने बडवा, पिळा, ती सोसते. लोकर ओली झाली की दुबळी होते. शिवाय लोकरीच्या धाग्यावर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबणाचा खार आणि घासणं ही तीन एकत्र आली की ते खवले एकमेकांत अडकतात, घोंगडं आटतं, जाड घट्ट थापी होते आणि मग ते काही केल्या पूर्ववत होत नाही. विशेष म्हणजे याच गुणावर आपल्याकडे लोकर दाबून जेन, म्हणजे न विणता केलेलं लोकरीचं जाड अंथरूण, तयार करतात. तिथे तो गुण, धुताना तोच दोष.

पंढरपुरात घोंगडं विकणाऱ्या म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं होतं, याला धुवायचं कसं. ते म्हणाले, "पाणी कमी दावा, ऊन जास्त दावा, ताई. मेंढरू काय रोज आंघूळ करतंय का?" पुढे त्यांनी सांगितलं की नवं घोंगडं ताठ लागतं ते चिंचोक्याच्या खळीने, ती ताण्याला लावल्याशिवाय हातमागावर धागा टिकत नाही, पहिल्या धुण्यात खळ निघाली की ते अंगाला बसायला लागतं. धुवायचं तर गार पाण्यात, रिठ्याच्या फेसात, पायाने हलकं हलकं दाबत. पिळायचं नाही. दगडावर पसरून पाणी निथळू द्यायचं, मग सपाट वाळवायचं. दोरीवर लोंबतं टाकलं तर पाण्याच्या वजनाने एका बाजूला ओढ घेतं. आणि भिजवून विसरायचं तर मुळीच नाही.

रिठा ही खरोखर गुणी गोष्ट आहे. त्याचा फेस मळ सोडवतो, पण कपडे धुण्याच्या पावडरीत असतो तसा खार त्यात नसतो. आजकाल बऱ्याच पावडरींत डाग खाणारे एन्झाइम असतात. अंडं, दूध, रक्त अशा प्रथिनांच्या डागांवर ते छान चालतात, पण लोकर आणि रेशीम ही स्वतः प्रथिनंच आहेत. पावडर डाग आणि गालिचा यांत फरक करत नाही. म्हणून लोकरीच्या कुठल्याही वस्तूला रिठा, नाहीतर लोकरीसाठी म्हणून मिळणारं सौम्य लिक्विड, एवढंच.

गालिचा पाण्याला भितो असाही एक समज आहे. हातविणीचा गालिचा भदोहीत माग सोडल्यावर आपल्या घरी येण्याआधी भरपूर पाण्यात धुतलेला असतो. कारागीर लाकडी फळ्यांनी लवीतलं पाणी रेटून काढतात आणि मोकळ्या मैदानात उन्हात वाळवतात. त्याला भीती आहे ती अर्धवट वाळण्याची. वरची लोकर सुकलेली दिसते, आतला सुती ताणा ओला असतो, तो तसाच राहिला की आतून कुजतो. कुंडीखाली किंवा गळत्या कूलरखाली राहिलेल्या गालिच्याचा तेवढा भाग हाताने दुमडला की कुरकुर वाजून तुटतो, तो यामुळे. एका लाँड्रीने आमच्या ओळखीतल्या एका घरी गालिचा असाच दमट, प्लास्टिकमध्ये बांधून परत दिला होता. आठवड्याभरात खोलीभर कुबट वास. पैसे घेतले ते धुण्याचे, वाळवण्याची जागा त्यांच्याकडेही नव्हती.

धुवायला द्यायच्या आधी पाठ पाहावी. पाठीवर नक्षी आणि गाठी जशाच्या तशा दिसत असतील तर तो गाठी मारलेला, पाणी सोसणारा. पाठीला जाड कापड डकवलेलं असेल तर लव डिंकासारख्या लेटेक्सने चिकटवलेली आहे. त्याला पाण्यात बुडवलं की पाठ सुटते. तो नुसता झटकावा, वरवर पुसावा. आणि एक पांढरा रुमाल ओला करून गडद रंगावर मिनिटभर दाबून ठेवावा. रुमाल रंगला तर रंग कच्चा, घरी पाणी लावूच नये.

डागांचं सगळं शास्त्र मी इथे सांगत बसत नाही. टिपावं, घासू नये, कडेकडून मध्याकडे यावं, हे सगळ्यांनाच माहीत असतं. चहा सांडल्यावर हात आपोआप घासायला जातो तो आवरणं तेवढं बाकी असतं. पण आपल्या घरांतले दोन डाग वेगळे आहेत. हळदीकुंकवाला गालिच्यावर कुंकू सांडतं. त्याला ओलं फडकं लावलं की संपलं, रंग पाण्याबरोबर लोकरीत उतरतो. आधी पाठीवरून टिचक्या मारून, मग व्हॅक्यूमची नळी नुसती वर धरून, न टेकवता, ते कोरडं कोरडंच काढायचं. गुलालाचंही तसंच. हळद मात्र निराळी. साबण लागला की हळदीचा डाग लालभडक होतो, कारण खाराने हळदीचा रंग पालटतो. कुंकू करताना हेच तर करतात. घाबरायचं नाही, आणखी साबण ओतायचा नाही. गार पाण्याने टिपून काढावं आणि राहिलेल्या पिवळेपणावर तेवढा कोपरा रोज उन्हात धरावा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, काही दिवसांत फिका पडत जातो.

कसरीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण ती दिसत नाही तोवर कळत नाही.

आत्याकडे दिवाणाखाली एक काश्मिरी गालिचा बरीच वर्षं पसरलेला होता. दिवाण हलवायचा प्रसंग आला तेव्हा मी तिथे होते. उघडा भाग झकास, आणि दिवाणाच्या सावलीत जो भाग होता तिथे लव जागोजागी मुळापासून गेलेली, खाली ताण्याची जाळी उघडी. कडेला बारीक वाळूसारखे कण होते, ते गालिच्याच्याच रंगाचे, लालवर लाल आणि निळ्यावर निळे. ती कसरीच्या अळीची विष्ठा. जो रंग खाल्ला तो रंग. लोकरीला चिकटलेल्या रेशमी जाळीच्या नळ्या होत्या, आणि एक उचलली तर आत तांदळाच्या कणीएवढी पांढुरकी अळी वळवळत होती. आत्या म्हणाली, "अगं, आणि मी रोज वरून झाडत होते!" ती झाडतच होती, पण दिवाणाच्या पुढच्या काठापर्यंत.

सोनेरी पिवळट, नखाएवढा पतंग कपाट उघडल्यावर उजेडापासून पळताना दिसतो तो हिचा. मोठा पतंग काही खात नाही, त्याला खाण्याजोगं तोंडच नसतं. खाते ती अळी, आणि लोकर, केस, पिसं यांत जे केराटिन नावाचं प्रथिन असतं ते पचवणारे जीव जगात थोडेच आहेत, त्यांतली ही एक. अंधार, शांतता आणि घामाचा किंवा सांडलेल्या अन्नाचा अंश असलेली लोकर तिला सगळ्यात आवडते. भिंतीवर, छताच्या कोपऱ्यात चिकटलेली भोपळ्याच्या बीसारखी चपटी करडी पाकिटं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तीही अशाच एका अळीची घरं. दोन्ही टोकांना उघडी असतात, अळी कुठूनही डोकं काढून चालायला लागते, आणि कोळिष्टकांबरोबर तिलाही लोकर चालते. ती पाकिटं भिंतीवर वाढली की गालिचा उचलून बघावा.

डांबरगोळ्यांवर माझा भरवसा नाही. उघड्या खोलीत त्यांची वाफ अळी मरण्याइतकी साचत नाही आणि लहान बाळ असलेल्या घरात ती वाफ घातक ठरू शकते. कडुलिंबाचा पाला ठेवण्यात गैर काही नाही, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. कसरीला खरं वैरी दोनच: उजेड आणि हालचाल. गालिचा उचलून पाठीवरून धोपटला, पाठीला कडक ऊन दिलं, रंग उडू नये म्हणून लवीला थोडंच, की अंडी-अळ्या गळून पडतात. घोंगडं किंवा शाल असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी. वस्तुसंग्रहालयंही लोकरीच्या वस्तूंना थंडीचा हाच उपाय करतात. ठेवणीतला गालिचा घडी न घालता गुंडाळून, सुती चादरीत बांधावा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते.

म्हणजे फिरून तेच आलं. धूळ काढायला झटकणं, कसर काढायला झटकणं, वाळवायला ऊन. हे सगळं जिथे व्हायचं ती अंगणं गेली, वाड्यांचे चौक गेले. नदी आहे, पण पुण्याच्या मुठेत गोधडी बुडवायला आता कोणी जाणार नाही, आणि जाऊही नये. बाल्कनीतून झटकावं तर खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि ताटात धूळ जाते. त्यांची तक्रार अगदी रास्त आहे. राहिली गच्ची. तिला कुलूप. आमच्या सोसायटीत गच्चीच्या किल्लीचं भिजत घोंगडं कमिट्या बदलल्या तरी तसंच आहे. कधी पाण्याच्या टाकीचं कारण, कधी सुरक्षिततेचं. दरम्यान प्रत्येक घरातला गालिचा तळाशी वाळू धरून बसला आहे, आणि लोक दर चार-पाच वर्षांनी नवा आणतात.

हे असं असायलाच हवं असं नाही, हे मला पोलंडबद्दल वाचून कळलं. तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर ज्या मोठमोठ्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांच्या अंगणांत लोखंडी पाइपांची एक साधी चौकट असायचीच, खास गालिचे टाकून धोपटण्यासाठी. मुलं तिच्यावर लोंबकळत मोठी झाली, आयाबाया तिच्यापाशी बोलत उभ्या राहिल्या. जर्मनीतही जुन्या इमारतींच्या मागच्या अंगणात अशा दांड्या असायच्या, आणि धोपटायच्या वेळा ठरलेल्या असत, म्हणजे दुपारी कोणाची झोप मोडू नये. फिनलंडची गोष्ट तर आपल्या नदीकाठाच्या आणखी जवळची. तिथे जुन्या कपड्यांच्या पट्ट्या विणून चटया करतात आणि उन्हाळ्यात सार्वजनिक धक्क्यांवर नेऊन पाइनच्या साबणाने ब्रशने घासून धुतात. हेलसिंकीच्या समुद्रकाठी असे धक्के आहेत. टेबलं, पाणी पिळून काढायचे रूळ, वाळवायच्या दांड्या, सगळं तिथेच. समुद्रात साबण जाऊ नये म्हणून नवे धक्के जमिनीवर बांधले, नळाचं पाणी दिलं आणि सांडपाणी गटाराला जोडलं. शहर वाढलं म्हणून त्यांनी धुणं बंद केलं नाही, धुण्याची जागा बदलली.

आपल्याकडे सोसायटीच्या नकाशात क्लब हाऊस असतं, जिम असते, कधी कधी पाळीव कुत्र्यांसाठी कोपराही असतो. प्रत्येक घरात पायपुसणं, चटई, सतरंजी, गालिचा, गादी आहे, आणि ते झटकायला एक हक्काची दांडी कोणाच्या नकाशात नाही. बिल्डरने ती दिली नाही, कारण ती कोणी मागितली नाही. मागितली नाही, कारण ते काम घरातल्या एका बाईचं, नाहीतर कामाला येणाऱ्या ताईंचं मानलं गेलं आणि त्यांनी ते बाथरूमच्या दारात, जिन्यात, कुठेतरी उरकलं. त्यात त्यांच्या नाकातोंडात किती धूळ गेली हे कोणी पाहिलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं. हे उघड्यावर, वाऱ्याला पाठ देऊन, तोंडाला रुमाल बांधून, दोघांनी मिळून करायचं काम आहे.

आमच्या गच्चीच्या पश्चिमेच्या कठड्याजवळ जागा आहे. टाकीपासून दूर, खाली कोणाची बाल्कनी येत नाही, फक्त पार्किंगचा पत्रा. तिथे दोन खांब आणि त्यांवर आडवा दोन इंची लोखंडी पाइप, छातीच्या उंचीवर, म्हणजे बुटक्या माणसालाही गालिचा वर टाकता यावा. पाइप गंजून डाग पडू नयेत म्हणून गॅल्व्हनाइज्ड हवा. एक झाडू आणि पत्र्याची सुपली तिथेच टांगलेली, झटकलेला कचरा लगेच भरायला. रविवारी सकाळी नऊ ते अकरा किल्ली वॉचमनकडे, आणि नवरात्राआधीचे पंधरा दिवस रोज. फॅब्रिकेटरकडून अंदाज घेतला आहे; येणारी रक्कम प्रत्येक फ्लॅटमागे एका साध्या पायपुसण्याच्या किमतीहूनही कमी पडते.

पुढच्या सर्वसाधारण सभेसाठी हा विषय मी लेखी दिला आहे. तळमजल्यावरच्या काकू अनुमोदक आहेत. त्यांच्याकडे त्यांच्या लग्नातली लांबलचक जाजम आहे, आणि काका गेल्यापासून तिचं दुसरं टोक धरायला घरात कोणी नाही. माझी लेक म्हणाली, "काकू, आपली दांडी झाली की मी धरेन." काकूंनी लगेच छडी कुठे मिळते ते विचारलं. बुरूड आळीत मिळेल, असं मी सांगितलं आहे.